वाघोबापुढे वाजलेली कॅसेट

राजूरला माणसं पेढे घ्यायला थांबतात, भंडारदऱ्याला जाताना चहाला थांबतात, नाहीतर बाजाराला जातात. मी गेले एक कॅसेट आणायला. सकाळी जायचं, कॅसेट पर्समध्ये टाकायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत, असा साधा सरळ बेत होता. तो कसा फिसकटला आणि फिसकटला म्हणून मी आज किती खूष आहे, ते सांगायला हे लिहितेय.

आधी माझ्याबद्दल. मी श्रीरामपूरची. दिवसा बँकेच्या खिडकीत बसते, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवते, आणि उरलेल्या वेळात घरी ब्लॅक मेटलच्या कॅसेट काढते. हे तिसरं ऐकल्यावर समोरचा माणूस ज्या नजरेने बघतो ती नजर मला आता पाठ झालीय. बघू दे.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गिटार अशी, की गांधीलमाश्यांच्या पोळ्यात कुणी काठी घातलीय. ढोल इतका भरधाव, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. आणि गाणारा गात नाही, किंचाळतो. त्यातही मला आवडते ती कच्ची जात. एकट्याच माणसाने सगळी वाद्यं वाजवायची, घरातच जुन्यापान्या यंत्रावर भरायचं आणि खरखर मुद्दाम ठेवायची. परदेशात असे एकांडे शिलेदार पुष्कळ आहेत. त्यांना डोंगराचे, जंगलाचे, चर्च उभं राहायच्या आधीचे देव हवे असतात. तोंडाला पांढरं फासून बर्फात उभे राहतात आणि हरवलेल्या देवांच्या नावाने गळा फाडतात. मी चर्चची पेटीवाली असून मला हे कसं चालतं, असं विचारणारे भेटतात. माझं आणि देवाचं या विषयावर अजून तरी भांडण झालेलं नाही.

तर असाच एक शिलेदार आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात निघाला. नाव सोमा. राजूरच्या पेठेत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि संगीतापुरतं त्याचं नाव 'रानसावट'. पुण्यातल्या एका ओळखीच्या पोराने मला त्याचा फोन नंबर दिला. पुढे वर्षभर आम्ही फोनवरच बोलत होतो. त्याची भरायची पद्धत ऐकून मी गारच पडले. त्याच्याकडे दोन टेपरेकॉर्डर. पहिल्यावर पत्र्याची धान्याची कोठी बडवून ताल भरायचा. तो लावायचा, त्याच्यासोबत गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर भरायचं. मग ती टेप लावून तिच्यासोबत ओरडायचं, ते पुन्हा पहिल्यावर. दर फेरीला खरखर वाढत जाते आणि मागचं काही दुरुस्त करता येत नाही. तीन वर्षं खपून त्याने अशी एक कॅसेट पुरी केली होती. एकच. तिची दुसरी प्रत नव्हती, कारण प्रती मी काढणार होते.

शेवटचं गाणं त्याने मला फोनवर ऐकवलं होतं. अंगावर काटा आला. फक्त एक खोट होती. गाण्यात तीनदा तो काहीतरी ओरडतो आणि मग सगळं बंद पडतं. गिटार नाही, पत्रा नाही, नुसती खरखर. मग पुन्हा सुरू. मी म्हटलं, सोमा, ही भोकं मी कापून टाकते. तो म्हणाला, राहू द्या ताई. या संगीतातली माणसं मुलखाची हट्टी असतात, म्हणून मी फोनवर वाद घातला नाही. समोरासमोर घालू म्हटलं.

राजूर

श्रीरामपूर सोडलं की संगमनेरपर्यंत ऊसच ऊस. आम्हाला डोंगर म्हणजे साखर कारखान्यामागे रचलेला उसाचा भुसा. संगमनेरला गाडी बदलली, अकोले मागे पडलं आणि मग रस्त्याने अशी वळणं घ्यायला सुरुवात केली, की माझा शहाणपणा थोडा ढिला झाला. दोन्ही बाजूंना पिकत आलेलं भात, मध्येच खुरासणीचे, म्हणजे कारळ्याचे, पिवळेधमक पट्टे, आणि मागे डोंगर असे अंगावर आल्यासारखे उभे. खिडकीतून बघता बघता मनात आलं, हे असं रोज दिसत असेल तर माणूस किंचाळणार नाही तर काय करील.

सोमाच्या दुकानात शिरले तर एक हडकुळा माणूस जमिनीवर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. वय पस्तिशीचं, शर्टाच्या खिशात बारके स्क्रूड्रायव्हर, कपाळावर ग्रीस. मी मनात लांब केसांचा, काळ्या कपड्यांतला कुणीतरी धरून चालले होते. त्यानेही मला बघून जरा दम खाल्ला. बहुतेक त्याच्या मनातही साडी आणि बँकेची बॅग नसावी. मग दोघंही हसलो, चहा आला, पेढे आले. मी बॅगेतून छापून आणलेली कव्हरं काढली. काळ्यावर पांढऱ्या रेषांत डोंगर, वर 'रानसावट', आणि मागच्या बाजूला त्यानेच वर्षापूर्वी सांगितलेली ओळ: 'सर्व वाद्ये, सर्व आवाज: एकटा.'

त्याने हात पुसून कव्हर हातात घेतलं आणि खूप वेळ बघत बसला. लई झाक झालंय, म्हणाला. मी म्हटलं, चल, दे कॅसेट.

तेव्हा त्याने सांगितलं, कॅसेट घरी आहे, आणि ती आज मिळायची नाही. उद्या वाघबारस, वाघदेवाचा, वाघोबाचा सण. त्याच्या गावात नवी वस्तू वाघोबाला दाखवल्याशिवाय घराबाहेर जात नाही. नव्या गायीचं पहिलं दूध, नव्या भाताची पहिली लोंबी, नवा विळा, नवी मोटारसायकल, सगळं आधी वाघोबापुढे. मग कॅसेट कशी सुटेल?

मी कपाळाला हात लावला. बँकेतून एका दिवसाची रजा काढलेली, परतीच्या गाडीची वेळ डोक्यात, आणि हा बाबा मला दुधाच्या रांगेत उभं करतोय. मी म्हटलं, ठीक आहे, दाखव उद्या सकाळी पटकन आणि दे.

"दाखवायची न्हाय ताई, वाजवायची," सोमा म्हणाला. "त्यात वाघोबाची हाळी हाय. माझ्या गावची. गावाला ठाऊकबी न्हाय मी हे करतो. म्हाताऱ्यांना वाटलं की ह्यानं देवाचं हसं केलं, तर मी ती तिथंच पुसून टाकनार."

मला वाटलं, गंमत करतोय. तोंडाकडे बघितलं तर गंमत नव्हती. कॉलेजात असताना एकदा स्नेहसंमेलनात त्याने गिटार काढली होती. पहिली किंचाळी दिली तसा कुणीतरी माईक बंद केला आणि सगळं सभागृह हसलं. तेव्हापासून त्याने माणसांपुढे वाजवलंच नाही. डोंगराच्या पायथ्याला त्याचं वावर आहे, तिथल्या खोपीत तो भरायचा. लोकांना वाटायचं, सोमा मोटरी तपासतोय. तीन वर्षांचं काम, त्याची दुसरी प्रत नाही, आणि निकाल देणार कोण, तर ज्यांनी असलं संगीत जन्मात ऐकलेलं नाही अशी माणसं. माझ्या तोंडचा पेढा कडू झाला. मी त्याला परोपरीने समजावलं, आधी एक प्रत काढू, मग काय हवं ते कर. तो म्हणाला, प्रत काढली की ती बाहेर गेलीच, मग विचारायचं कशाला.

मी बँकेत फोन करून पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

सोमाचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही, सोमाने नको म्हटलंय. राजूरहून जीप एका फाट्यापर्यंत जाते, पुढे चालायचं. सोमाने माझी बॅग घेतली आणि मी साडी खोचून त्याच्यामागे. तो आपला बोलत बोलत चढतोय आणि मी तोंडाने हो हो म्हणत मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. एका ओढ्यात पाय घसरून मी घोट्यापर्यंत भिजले. तेवढ्यात वळण आलं आणि सगळी कोकणकड्याच्या बाजूची रांग उन्हात एकदम उघडी पडली. मी उद्धार करायची थांबले.

घरी सोमाची आई, ठकूमावशी. सत्तरीची असेल, पण माझ्यापेक्षा ताठ. ख्रिस्ती बाई पाहुणी येणार म्हणून सोमाने काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. तिने आधी मला जेवायला काय चालतं ते विचारलं. मी म्हटलं, मावशी, सगळं चालतं, फक्त लवकर. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. खेकडा कसा फोडायचा ते मला कळेना, तर तिने माझ्या ताटातला उचलून दाताने फोडून परत ठेवला. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर मी उठले असते. इथे मी अजून एक मागून घेतला.

जेवताना मी मावशीला विचारून घेतलं, मुलगा वावरात काय करतो ठाऊक आहे का. ती म्हणाली, वाजवतो काहीतरी, आवाज येतो. मी विचारलं, कसा वाटतो? तिने भाकरी थापता थापता विचार केला आणि म्हणाली, "एकला वाटतो."

एवढंच बोलली आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

वाघबारस

आमच्याकडे ज्या दिवशी शेजारणी गाय-वासराची पूजा करतात, त्याच दिवशी इथे गायीला खाणाऱ्याची पूजा असते. मला हे फार आवडलं. तू पोटाला काय खायचं ते रानात खा, आमच्या दावणीला येऊ नकोस, असा समोरासमोर रोखठोक करार.

गावाबाहेर झाडीत वाघोबाचा दगड आहे. त्यावर वाघ कोरलाय, वर चंद्र-सूर्य, आणि वर्षानुवर्षांच्या शेंदराने वाघाचा निम्मा चेहरा बुजलाय. सकाळपासून घराघरांतून तांदूळ, गूळ, दूध गोळा होऊन तिथे आलं. चुलाणावर मोठ्या पातेल्यात खीर चढली. सगळा गाव आलेला, गुरंसुद्धा शिंगं रंगवून. सोमाने घरचा टेपरेकॉर्डर आणि एक जुना कर्णा खांद्यावरून आणला आणि मोटारसायकलच्या बॅटरीला जोडला. लोकांना वाटलं, भक्तिगीतं लावणार. सोमाचा चेहरा पांढरा पडला होता. बर्फात उभे राहणारे लोक रंग लावून पांढरे होतात, याला रंगाची गरजच नव्हती.

पूजा चिंधूबाबांकडे. गावाचे भगत, वयाने सगळ्यांत मोठे, आवाज बारीक पण शब्द शेवटचा. लोक पळसाच्या पानावर नव्या वस्तू मांडत गेले. दुधाचा तांब्या, भाताच्या लोंब्या, दोन विळे, कुणाचातरी नवा मोबाईल. सोमाने कॅसेट डबीतून काढून पानावर ठेवली. मी म्हटलं, डबीतच राहू दे की. तो म्हणाला, डबीला न्हाय दाखवत, वस्तूला दाखवतात.

बाबा वाटीत तेलात कालवलेला शेंदूर घेऊन आले. अंगठा बुडवायचे, वस्तूला टिळा लावायचे आणि वरून दूध शिंपडायचे. तांब्याला लावला. विळ्यांना लावला. मोबाईलवाल्याने मोबाईल उलटा करून पाठीला लावून घेतला, तो शहाणा. आणि मला काही सुचायच्या आत त्यांनी अंगठाभर शेंदूर कॅसेटच्या बरोबर मधल्या खिडकीवर दाबला. तेल आत उतरताना मला दिसलं. मागून दूध.

मी पुढे धावले. अहो बाबा, आत फीत आहे, आत जाऊ देऊ नका, असं काहीतरी ओरडले असेन. सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. चिंधूबाबांनी शांतपणे कॅसेट उचलून उन्हात धरली, आत बघितलं.

"आत असंल तर आतबी पोचलं पाहिजे," ते म्हणाले, आणि दुसरा अंगठा लावला.

मला रडावं की हसावं कळेना. रडूच जास्त जवळ होतं. आता पुसायचीही गरज नव्हती, देवानेच काम उरकलं होतं. मी सोमाकडे बघितलं. त्याने कॅसेट दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि बाजूच्या खडकावर जाऊन खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला.

मी त्याच्याशेजारी बसले. त्याने स्क्रू काढून कॅसेट उघडली. रिळाच्या कडेला भगवं तेल लागलं होतं, आणि एका ठिकाणी फितीच्या वेटोळ्यांत आतपर्यंत शिरलं होतं. ठकूमावशी येऊन बसली आणि तिने आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ पदर फाडून दिला. मग सोमा फीत हळूहळू उलगडत गेला, मी चिमटीत पदर धरून पुसत गेले, तो दुसऱ्या रिळावर पुन्हा गुंडाळत गेला. तांब्याची तार गुंडाळून बनलेले त्याचे हात. तेल निघालं. डाग निघाला नाही. फितीचा एक मोठा पट्टा भगवाच राहिला.

तिकडे तोवर संबळाच्या तालावर वाघाचा खेळ सुरू झाला होता. एक पन्नाशीचे गृहस्थ अंगाला राखेचे पट्टे ओढून, गवताची शेपटी बांधून वाघ झाले होते आणि गुरांभोवती उड्या मारत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग चिंधूबाबा काठी टेकत उभे राहिले आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात त्यांनी हाळी दिली: "रान कोनाचंऽऽ?"

आणि सगळ्या गावाने, बायकांनी, म्हाताऱ्यांनी, पोरांनी एकदम उत्तर दिलं: "वाघोबाचंऽऽ!"

तीनदा विचारतात, तीनदा सांगतात. तिसऱ्या उत्तराला वाघ शेपटी हलवत झाडीत पळाला.

माझ्या हातातला पदर तसाच राहिला. हीच ती हाळी. सोमा गाण्यात तीनदा हेच ओरडतो, मला फोनवर शब्द कळले नव्हते. आणि ज्यांना मी भोकं म्हणत होते, जी मी कापायला निघाले होते, ती उत्तराची जागा होती. मी त्याला विचारलं, मग उत्तर तूच का नाही भरलंस? बाकी सगळं तर एकट्यानेच वाजवलंस.

"विचारनाऱ्यानं सोता उत्तर द्यायचं नसतं ताई," तो म्हणाला. त्याने शेवटचा स्क्रू बसवला आणि उठला.

खरं सांगते, टेपचं बटण त्याने दाबलं तेव्हा मला बँकेच्या तपासणीतसुद्धा कधी वाटली नाही एवढी भीती वाटली. आधी काहीच नाही. मग कर्ण्यातून असा आवाज आला, की कुणी विहिरीच्या तळाशी पत्रा बडवतंय. बुडतोय, वर येतोय, पुन्हा बुडतोय. आणि मग फीत सरळ लागली आणि रानसावट उसळली. कर्ण्याने तिचा उरलासुरला गोडवा कापून टाकला होता. गिटार नुसती भणभणत डोंगरावर गेली आणि तिकडून परत आली. आयुष्यात इतक्या कॅसेट ऐकल्या, पण असा आवाज माझ्या कानांवर पडला नव्हता. तेलाने आवाज जिथे अडखळत होता तिथे तर तो आणखीच जुना, दगडाच्या आतून आल्यासारखा वाटत होता.

गुरांनी माना वर केल्या. कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी विचारलं, सोमा, कर्णा बिघडला का रं? सोमा गावाकडे पाठ करून उभा होता. मग पहिली किंचाळी आली आणि मी डोळे मिटले, आता हसणार म्हणून.

हसले. पण कसे? एक बाई म्हणाली, हा तर डुकरं हाकलतोय! आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पिकं आली की इथे शेतातल्या माळ्यावर बसून रानडुकरं हाकलतात, तेव्हा अस्सेच ओरडतात. सोमा लहानपणी त्यातच तयार झालेला. ज्या आवाजाला सभागृहाने खिदळून बंद पाडलं, तो इथे प्रत्येकाच्या घरातला निघाला. संबळवाल्याची बोटं मांडीवर पत्र्याच्या तालाने पडायला लागलेली मी बघितली. चिंधूबाबांचं मात्र काही कळेना. ते खाली मान घालून ऐकत होते.

मग शेवटचं गाणं लागलं. गिटार चढत गेली, थांबली, आणि कर्ण्यातून सोमा ओरडला: "रान कोनाचंऽऽ?"

नुसती खरखर.

माणसं एकमेकांकडे बघत होती, मग चिंधूबाबांकडे. देवाची हाळी यंत्रातून आली होती आणि हे बरं की वाईट ते त्यांना ठरवायचं होतं. सोमाची पाठ अजून आमच्याकडेच. त्याचा हात टेपच्या बटणाकडे गेलेला मला दिसला. भरायचं बटण. पुसायचं तेच बटण.

गिटार पुन्हा सुरू झाली, पुन्हा चढली, थांबली. "रान कोनाचंऽऽ?"

"वाघोबाचंऽऽ!"

एकटीचाच आवाज. ठकूमावशी. फाटक्या पदराने, खडकावरून उठून उभी राहिलेली. सोमाने वळून बघितलं.

चिंधूबाबांनी मान वर केली. काठी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि ते वाट बघायला लागले. सगळा गाव वाट बघायला लागला. मी, जिला ही भोकं कापायची होती, मीही वाट बघायला लागले. गिटार चढली. पत्रा वेड्यासारखा वाजला. सगळं थांबलं.

"रान कोनाचंऽऽ?"

आणि गावाने जे उत्तर दिलं ना! चिंधूबाबांचा बारीक आवाज सगळ्यांच्या वर. झाडीत पळालेला वाघसुद्धा शेपटी सांभाळत बाहेर येऊन ओरडला. मी ओरडले, पेटीवाली. संबळ सुरू झाला तो थांबेचना. कर्णा, संबळ, गुरांच्या घंटा, सगळं एकात एक मिसळलं आणि सोमा मधोमध उभा राहून रडत होता, हसत होता, नाक पुसत होता.

कॅसेट संपून खट्ट झालं तेव्हा चिंधूबाबा जवळ आले. त्यांनी उरलेला शेंदूर सोमाच्या कपाळावर लावला.

"हाळी बरोबर दिलीस," ते म्हणाले. "जाऊ दे आता कुठं जायाची तिथं."

मग खीर वाढली. नव्या तांदळाची, घरोघरच्या दुधाची, किंचित धूर लागलेली. मी दोन द्रोण खाल्ले आणि तिसरा मागितला. पोट बिघडलंय असं मी बँकेत सांगितलं होतं, ते खरं व्हायची वेळ आली.

परत

फाट्यापर्यंत सोमा सोडायला आला. मी त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते, गावाचं उत्तर नीट भरून घेऊ आणि त्या जागेत घालू. त्याने मान हलवली. ती जागा तशीच रिकामी राहू द्या, म्हणाला. ज्याच्या घरी वाजेल त्यानं द्यावं उत्तर. मी या वेळी वाद घातला नाही. फक्त कव्हरांचं काय करायचं ते विचारलं, कारण सगळ्यांवर 'एकटा' छापलेलं. तो जरा लाजला आणि म्हणाला, तेवढं खोडा ताई.

आता मी घरी आहे. दोन डेक शेजारी शेजारी मांडलेत आणि प्रती निघताहेत. ही प्रत काढायची म्हणजे कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ ती पूर्ण वाजू द्यावी लागते, म्हणजे दिवसभरात तेच गाणं पुन्हा पुन्हा. भगवा पट्टा आला की आवाज बुडतो आणि वर येतो. कापायचा विचारही मनात येत नाही. एकीकडे मी पेनाने एकेका कव्हरावरचा 'एकटा' खोडतेय.

आमची आई स्वयंपाकघरात असते. रविवार न चुकवणारी, माझ्या संगीताला 'तुझी ती भांडणं' म्हणणारी. वाघबारशीची सगळी हकिकत मी तिला आल्या आल्या सांगितली होती. काल दुपारी चौथी की पाचवी प्रत चालू होती. गिटार थांबली, सोमाने हाळी दिली, खरखर सुरू झाली, आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज आला.

"अगं, वाघोबाचं म्हणून सांगून टाक ना त्याला," आई म्हणाली. "सकाळपासून किती वेळा विचारतोय बिचारा."